घरामागे एक माणूस

डहाणूच्या कोर्टात मी सतरा वर्षं पट्टेवाला होतो. काम एकच. दारात उभं राहायचं आणि आतून नाव आलं की ओरडायचं, अमुक तमुक हाजीर हो! तीनदा ओरडायचं. माणूस आला तर आत सोडायचा, नाही आला तर आत जाऊन 'गैरहजर' म्हणायचं. सतरा वर्षांत किती नावं ओरडलो असेन, देव जाणे. घसा कायमचा बसला. आमची हिरकणी अजून म्हणते, "अहो, घरात तरी हळू बोला, मी काही आरोपी नाही." आणि मी खरंच हळू बोलत असतो. पण बायकोपुढे कुणाचं चाललंय?

ही गोष्ट सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची. मी ती सहसा कुणाला सांगत नाही. ऐकणारा एक तर हसतो, नाहीतर मी काय करायला हवं होतं ते मला शिकवतो. दोन्हीचा कंटाळा आलाय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

तलासरीकडच्या एका माळावर गवताची गंजी जळली. आमच्या भागात गवताचा धंदा मोठा. पावसाळा संपला की डोंगरावरचं गवत कापायचं, वाळवायचं, गंज्या रचायच्या आणि मग गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे. माल शेटचा, देखरेख मुकादमाची, घाम वारल्यांचा. त्या साली दिवाळीनंतर अवकाळी सरी आल्या आणि कापलेलं गवत भिजलं. ओल्या गवताची गंजी रचली की ते आतून तापतं, वाफ धरतं आणि एखाद्या दिवशी आपोआप पेट घेतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लडक्या नावाच्या एका मजुराने मुकादमाला तसं सांगितलंही, की दोन उन्हं खाऊ दे आणि मग रच. पण मुकादम चिमण, त्याच्या मागे शेटचा तगादा. त्याने गंजी रचून घेतली. पंधरा दिवसांनी ती जळली. आता शेटला तोंड कसं दाखवायचं? चिमणने पोलिसांत सांगितलं, लडक्याने पेटवली, भर दुपारी दहा पावलांवरून मी या डोळ्यांनी पाहिलं. लडक्याच का? तर तोच एकटा बोलला होता ना! चाळीस मजुरांत तेवढं एकच नाव त्याच्या डोक्यात राहिलं होतं.

मला हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा लडक्या रघ्या म्हणजे बोर्डावरचं एक नाव, बस्स. दारूबंदीच्या केसेस दिवसाला तीस-तीस यायच्या. साहेब भला माणूस, पण मान वर करायला त्यांना सवड नसायची. समोर कागद, बाजूला कागद, डोळ्यांना सदा पाणी. आरोपी उभा राहिला की ते कागदाकडे बघूनच विचारायचे, "नाव?" तो नाव सांगायचा. "वकील?" नाही. "पुढची तारीख." रोजनाम्यावर अंगठा उठवायचा की झालं. लडक्या जामिनावर होता. महिन्याला एक तारीख. कधी साक्षीदार नाही, कधी पोलिसांचा जमादार नाही, कधी साहेबच ठाण्याला. तारीख पडायची आणि तो निघून जायचा. पहाटे पाड्यावरून निघायचं, डोंगरातल्या वाटेने कैनाडला उतरायचं, तिथून डहाणू. तेवढंच परत. एका 'पुढची तारीख'साठी माणूस दिवसभर चालत होता.

मी दाराशी बसायचो ते ठेंगण्या स्टुलावर. समोरून येणाऱ्याचं तोंड मला उशिरा दिसायचं, पाय आधी. म्हणून मी माणसं पायांवरून ओळखायला लागलो होतो. लडक्याच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती, लहानपणी कोयता लागून गेलेली. अंगात एक खाकी शर्ट, खिसा फाटलेला, खाली लंगोटी. सातव्या तारखेला मी नाव पुकारलं, शर्ट तोच आला आणि पायाला करंगळी होती.

मी वर पाहिलं. उंची तीच, रंग तोच, पण माणूस चांगला दहा वर्षांनी मोठा. गालफडं बसलेली.

"तू कोण रे?"

"लडक्या रघ्या."

"गप. लडक्याची करंगळी उगवली काय?"

तो हसला. वारली माणूस खोटं बोलताना पकडला गेला की लाजत नाही, हसतो. म्हणाला, "मी शुक्रा. लडक्याचा मोठा भाऊ. लडक्या भात झोडतोय. आज माझी पाळी."

"पाळी? कसली पाळी?"

"सरकारची वेठ ना ही, दादा? घरामागे एक माणूस. आलो की मी."

मी कपाळावर हात मारला. आता वेठ म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. जमीनदाराकडे फुकट राबायचं. त्याचा माणूस पाड्यावर येऊन हाक द्यायचा आणि प्रत्येक घरातून एक माणूस निघायचा. कोण, ते कुणी विचारत नव्हतं. बाप गेला काय नि पोरगा गेला काय, जमीनदाराला दोन हात हवे असत. या भावांच्या बापाने, रघ्याने, घरात नियमच घालून दिला होता की वेठीला पाळीने जायचं, म्हणजे एकट्याची कंबर मोडत नाही. ती वेठ बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. पण एक दिवस पोलीस पाड्यावर आला, हाक दिली, अमुक दिवशी डहाणूला या म्हणाला, आणि यांनी आपली जुनी पाळी पुन्हा लावली! शर्ट घरात एकच, तो तारखेला जाणाऱ्याने घालायचा.

"आजवर कितीदा आलास?"

"ही दुसरी. धाकटा भाऊ धाकल्या दोनदा आला. बाकी लडक्या."

म्हणजे तीनदा माझ्या नाकाखालून दुसराच माणूस आत गेला होता, आणि मी पायांवरून माणसं ओळखतो म्हणून मिशीला पीळ देत बसलो होतो. मी त्याला झाडाखाली नेऊन चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, अरे गाढवा, ही वेठ नाही. खटला आहे. ज्याचं नाव त्यानेच यायचं. तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तू ओरडतोस ते नाव घराचं हाय ना? लडक्या रघ्या. रघ्याचं घर. आम्ही तिघं त्याच घरातले." आता याला काय सांगायचं? आणि हो, तो मला 'तू' म्हणत होता त्यात अपमान नव्हता. त्यांच्या बोलीत साहेबही 'तू'च.

मी तेव्हाच आत जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कारण? त्या दिवशीही तारीखच पडणार होती. सांगितलं असतं तर शुक्राला तोतया म्हणून धरला असता, लडक्यावर वॉरंट निघालं असतं आणि साहेबांनी मला विचारलं असतं, तू दारात काय झोपला होतास? आणि खरं सांगू? दुपारचे बारा वाजले होते, बोर्डावर अजून बावीस नावं होती आणि माझे पाय भरून आले होते. माणूस वाईट असतो म्हणून गप्प बसतो असं नाही हो. पुष्कळदा नुसता दमलेला असतो. पुढच्या वेळी लडक्यालाच पाठव, असं बजावून मी शुक्राला आत सोडला.

पुढच्या वेळी लडक्या आला. त्याच्या पुढच्या वेळी धाकल्या.

आणि नेमका त्याच दिवशी चिमण मुकादम साक्षीला आला. इतके महिने समन्स चुकवून अखेर आला तो या दिवशी! पांढरं धोतर, काळी टोपी, गुजराती वळणाचं मराठी. पिंजऱ्यात धाकल्या. विशी-बाविशीचं पोरगं, चेहऱ्यावर दाढीचा केस नाही. लडक्या तिशीचा, गालावर देवीचे वण. भाऊ-भाऊ दिसत होते, पण एकाला दुसरा समजावं असे मुळीच नव्हते. निदान ज्याने दहा पावलांवरून भर दुपारी माणूस पाहिला, त्याने तरी समजू नये.

सरकारी वकिलाने विचारलं, "गंजी पेटवताना कुणाला पाहिलंत?"

"लडक्याला पाहिला साहेब. हातात काडी होती."

"तो इथे हजर आहे?"

चिमणने पिंजऱ्याकडे पाहिलं. मी दारातून त्याचं तोंड बघत होतो. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ तो थांबला. मग त्याची नजर खाली आली, खाकी शर्टवर, आणि त्याने बोट केलं. "हाच."

साहेबांनी लिहून घेतलं. मान वर केली नाही. "आरोपी, तुला काही विचारायचंय?"

धाकल्या म्हणाला, "नाय. तू लिही."

हा मुकादम धादांत खोटं बोलत होता आणि ते सिद्ध करायला वकील नको, पुरावा नको, नुसतं एवढं सांगायला हवं होतं की साहेब, तुम्ही ज्याच्यावर खटला चालवताय तो हा नव्हेच. सारा खटला त्या एका साक्षीवर उभा होता. तो जागच्या जागी कोसळला असता. हे कोर्टात दोनच माणसांना ठाऊक होतं. एकाला बोलायची अक्कल नव्हती आणि दुसरा मी.

घरी आलो. हिरकणी अंगणात दांडीवरचे बोंबील काढत होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय, फाशी झाली का कुणाला?" मी सगळं सांगितलं. तिने हातातले बोंबील सुपात टाकले आणि कमरेवर हात ठेवला.

"मग? बोलला नाहीत?"

"बोललो तर नोकरी जाईल. पेन्शनला पाच वर्षं राहिलीत."

"आणि न बोललात तर तो पोरगा जाईल."

"पोरगा कुठला? निकालाला कोण येईल ते त्यांचं त्यांना माहीत."

"अहो, हे काय बोलणं झालं!" ती एवढी कडाडली की शेजारच्या कुसुमबाई कुंपणावरून डोकावल्या. "कोण येईल ते माहीत नाही म्हणून आपण हात झटकायचे? लाज वाटू द्या थोडी."

लाज वाटत होतीच. मग मी माझ्या परीने एक वाट काढली. बाजाराच्या दिवशी तलासरीकडून आलेल्या एका ओळखीच्या वारल्याकडे निरोप दिला, की निकालाच्या तारखेला तिघांनी या. तिघांनी, एकट्याने नाही. मी साहेबांपुढे तिघांना एका रांगेत उभं करीन आणि म्हणीन, बघा. एकदा बघा. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. हे ठरवलं आणि मला चार-पाच दिवस बरी झोप लागली.

निकाल मार्चच्या मध्याला होता. मी सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून होतो. दहा वाजता खाकी शर्ट दिसला. एकच. शुक्रा.

मी धावत गेलो. "बाकीचे दोघे कुठायत?"

"घरी."

"अरे, निरोप नाही मिळाला का?"

"मिळाला. आम्ही बसून बोललो." तो झाडाखाली उकिडवा बसला. पायांवर धूळ गुडघ्यापर्यंत. "दादा, तू बोलू नको. तू बोललास तर आम्हा तिघांना धरतील. मग घरात पुरुषमाणूस उरणार नाय. आम्ही ठरवलंय सगळं. मी जातो."

"तुला शिक्षा होईल, शुक्रा. तुरुंग. कळतंय का?"

"कळतंय. ठरवलंय म्हटलं ना."

थोरला भाऊ, बायको वारलेली, पोरं मोठी झालेली. धाकट्यांच्या घरात तान्ही पोरं. मला वाटलं, याने विचार करून भावांचं ओझं अंगावर घेतलंय. मोठ्या मनाचा माणूस. आणि त्याहून खरं म्हणजे मला सुटल्यासारखं झालं. त्याचीच इच्छा आहे म्हटल्यावर मी कोण मध्ये पडणार? काय ठरवलंय, ते मी विचारलं नाही. एवढा एकच प्रश्न होता, आणि तो मी विचारला नाही.

मी नाव पुकारलं. तो आत गेला. साहेबांनी नऊ महिने सक्तमजुरी वाचून दाखवली. शुक्राने मान डोलावली, जणू कुणी त्याला शेताची हद्द सांगत होतं. ठाण्याच्या तुरुंगात न्यायला पोलिसाने हात धरला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "शर्ट घरी पाठवशील?" मी हो म्हटलं. त्याने तो तिथेच अंगातून काढून माझ्या हातात दिला. घामाने ओला होता. हिरकणीने धुऊन, वाळवून, बाजारकऱ्याच्या हाती पाड्यावर पोचता केला. मला मात्र तिने दोन दिवस जेवण वाढलं ते तोंडातून शब्द न काढता.

एप्रिल गेला, मे गेला. मी नावं पुकारत होतो. कुणाचा चेहरा बघायचा नाही असं ठरवलं होतं, आता पायही बघत नव्हतो.

जूनच्या मध्यावर, एका सकाळी, कोर्ट उघडायच्या आधी मी दारात पाण्याचा माठ भरत होतो. मागून हाक आली, "दादा." वळून पाहिलं तर लडक्या. खरा लडक्या, देवीचे वण, डाव्या पायाला करंगळी नाही. अंगात तोच शर्ट, हातात फडक्यात बांधलेल्या नाचणीच्या भाकऱ्या. डोक्याला तेल लावून भांग पाडलेला, सोयरिकीला निघाल्यासारखा.

"काय रे? आता कशाला आलास?"

"माझी पाळी ना."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"नऊ महिने हायत," तो बोटांवर मोजून समजावू लागला, जणू मलाच हिशेब येत नव्हता. "तिघांचे तीन-तीन. शुक्राचे काल पुरे झाले. आता लावणीला तो पाहिजे. बैल त्याचंच ऐकतात, माझं नाय ऐकत. लावणी झाली, खुरपणी झाली, की धाकल्या जाईल. तू मला कागद करून दे, मी ठाण्याला जाऊन बसतो. शुक्राला सोड."

मी तांब्या माठावर ठेवला. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "उशीर झाला का? एकच दिवस झालाय. निघताना धाकल्याची पोरगी तापली म्हणून..."

"लडक्या," मी म्हटलं, "तुरुंगात पाळी नसते रे."

त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ज्याला आत घातलाय तो नऊ महिने आतच. तू जाऊन बसू शकत नाहीस. त्याच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला. "पण मग शुक्राला कुणी सांगितलं नाय?" तो म्हणाला. "तो तीन महिन्यांचं बोलून गेलाय. पोरांना सांगून गेलाय, लावणीला येतो म्हणून. तो काल वाट बघत असेल. तू सांगितलं नाय त्याला, दादा?"

नाही सांगितलं. झाडाखाली तो माझ्यापुढे बसला होता, ठरवलंय ठरवलंय म्हणत होता, आणि मी त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करत उभा होतो. त्याने नऊ महिने कबूलच केले नव्हते. त्याने तीन कबूल केले होते. उरलेले सहा मी त्याच्या डोक्यावर टाकले होते, माझी पाच वर्षं सांभाळायला. मला स्वतःची इतकी किळस आली की मी तिथेच माठाजवळ खाली बसलो.

मग उठलो. लडक्याचं मनगट धरलं आणि त्याला साहेबांच्या खोलीत घेऊन गेलो. साहेब चष्मा पुसत होते.

"साहेब, गवताच्या गंजीचा आरोपी लडक्या रघ्या, तो हा."

"तो आत आहे ना?"

"आत आहे तो शुक्रा. याचा भाऊ. आणि मुकादमाने ओळखला तो धाकल्या. तो तिसराच."

साहेबांनी चष्मा लावला आणि लडक्याकडे पाहिलं. पहिल्यांदा. बराच वेळ पाहिलं. मग फाईल मागवली. रोजनाम्यावरचे अंगठे एकाखाली एक. त्यांनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं, एकेक अंगठा बघितला, मग लडक्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर घेतला आणि तो बघितला. कारकून दारात उभा होता, त्याला हाताने बाहेर घालवलं.

"म्हणजे मुकादमाने कुणालाच पाहिलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही साहेब."

"आणि मीही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "दौलत, तुला हे कधीपासून माहीत आहे?"

खोटं बोलता आलं असतं. आजच कळलं म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं, कदाचित त्यांनाही ते सोयीचं झालं असतं.

"सातव्या तारखेपासून, साहेब."

"म्हणजे सहा महिने."

"होय साहेब."

"हे मला लिहावं लागेल."

"लिहा साहेब," मी म्हटलं. एवढ्यात लडक्या मध्येच म्हणाला, "तू शुक्राला सोड ना. मी आलोय." साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. खुर्चीवर. तो जमिनीवर बसला.

साहेबांनी लिहिलं, माझं आणि स्वतःचंही. कागद हाती देऊन भागणार नाही म्हणून ते स्वतः ठाण्याला गेले. तिथल्या मोठ्या साहेबांनी शुक्राला सोडायचा हुकूम काढला. लडक्याचा खटला पहिल्यापासून सुरू झाला, पण चिमण मुकादम समन्स घेईना, गावच सोडून गेला, आणि पुढे तो खटला काढून टाकला. आमच्या साहेबांची बदली झाली. मला आधी घरी बसवलं, मग काढलं. गेली काही वर्षं मी एका चिकूच्या वाडीत राखण करतो. वटवाघळांवर ओरडतो. घसा उपयोगी पडतो.

शुक्रा ज्या गाडीने येणार होता ती मला कारकुनाने चोरून कळवली. मी स्टेशनवर गेलो. दुपारची पॅसेंजर, उतरणारी माणसं थोडी. तो सगळ्यांच्या मागून आला. केस कापलेले, हाडं दिसत होती, पण चालण्यात लगबग होती. मला बघून त्याला नवल वाटलं नाही. सरकारी माणूस न्यायला येणारच, असं त्याच्या तोंडावर होतं. मी त्याला चहा पाजला. त्याने बशीत ओतून घेतला आणि पहिलं काय विचारलं असेल?

"लडक्या आत गेला का?"

"नाही."

"मग धाकल्या?"

"नाही रे. कुणीच जायचं नाही आता. झालं ते."

त्याने ते ऐकलं, पण मनावर घेतलं असं दिसलं नाही. त्याचं मन लावणीकडे लागलं होतं. चहा संपवला, बशी पालथी घातली आणि जरा नाराजीने म्हणाला, "दादा, मी रोज मोजत होतो. तीन महिने झाले आणि वर बारा दिवस बसवलं मला. लडक्याचे बारा मी भरले. त्याला सांगतो, ते वळते कर म्हणून."

मी त्याला सगळं सांगायला तोंड उघडलं. पाळी नव्हतीच, तू सहा महिने आणखी सडला असतास, लडक्याने भांग पाडून तुझ्या जागी जायची तयारी केली होती, माझी नोकरी गेली. सगळं. पण त्याचा डोळा सारखा उन्हाकडे जात होता. अंधार पडायच्या आत त्याला डोंगर ओलांडायचा होता.

"बारा दिवस जास्त झाले खरे," मी म्हटलं. "चूक माझी, शुक्रा."

तो उठला, कमरेचं फडकं घट्ट केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला समजावावं तसा.

"असू दे, दादा," तो म्हणाला. "वेठ म्हटली की चार दिवस मागं-पुढं व्हायचेच."